चौदा तूप

"जेवायला चला." "गोळी घेतली का?" "दाराला कडी लावा." "रिक्षा आली." गेली चार-पाच वर्षे आमच्या घरात अण्णांशी, म्हणजे माझ्या वडिलांशी, होणारे बोलणे साधारण एवढेच उरले होते. कोणी ठरवून ते कमी केले नव्हते. अण्णांना ऐकू येणे कमी होत गेले, तसे आम्ही प्रत्येक वाक्य दोनदा, तीनदा आणि दर वेळी अधिक मोठ्याने म्हणू लागलो; मग जे तीनदा ओरडून सांगावे लागणार ते सांगण्याजोगे आहे का, याचा हिशेब घरातला प्रत्येक जण नकळत करू लागला. औषधाची, जेवणाची, पाहुण्यांची वाक्ये त्या हिशेबात टिकली. समोरच्या आंब्यावर आज भारद्वाज दिसला, भाजीवाल्या मावशींच्या नातीचे बारसे झाले, आमटीत गूळ जरा जास्त पडला, ही वाक्ये गळून गेली. गरजेचे बोलणे राहिले आणि बिनगरजेचे संपले. घर ज्याला म्हणतात ते या बिनगरजेच्या बोलण्यावरच उभे असते, हे मला ते बंद पडल्यावर कळले.

अण्णा मूळचे जुळारी. सदाशिव पेठेतल्या एका छापखान्यात त्यांनी पंचवीसेक वर्षे खिळे, म्हणजे छपाईची धातूची सुटी अक्षरे, जुळवले. काना, मात्रा, वेलांट्या आणि जोडाक्षरे धरून देवनागरीचे शेकडो खिळे ज्या खणांत मांडलेले असत, त्यांच्यापुढे ते दिवसभर उभे राहत आणि डाव्या हातातल्या स्टिकमध्ये ओळीमागून ओळ भरत. त्याच खोलीत ट्रेडल हे छपाईयंत्र चाले आणि भिंतीपलीकडे मोठे सिलिंडर मशीन. पुढे खिळे गेले, संगणकावर अक्षरजुळणी सुरू झाली, तेव्हा त्याच मालकांकडे ते मुद्रितशोधक म्हणून राहिले. संध्याकाळी घरी येताना त्यांच्या पिशवीत प्रुफे असत, आणि आम्ही दोघी बहिणी त्यांच्या दोन्ही बाजूंना बसून लाल पेनाच्या खुणा शिकत असू: हे काकपद, इथे अक्षर घालायचे, हा वेढा, हे काढून टाकायचे, आणि खोडलेल्या शब्दाखाली अशी बारीक टिंबे दिली, तर त्याचा अर्थ 'आहे तसेच राहू द्या'.

वयाबरोबर आणि वर्षानुवर्षांच्या गोंगाटाने कानाच्या आतल्या शंखातील सूक्ष्म पेशी मरत जातात आणि माणसात त्या पुन्हा तयार होत नाहीत, हे डॉक्टरांनी आम्हाला समजावून सांगितले. आधी जातात त्या वरच्या पट्टीचे आवाज टिपणाऱ्या. तपासणीच्या आलेखात अण्णांची रेघ डावीकडे बरी होती आणि उजवीकडे कडा कोसळावा तशी खाली उतरली होती. स्वरांचा जोर खालच्या पट्टीत असतो, म्हणून ते ऐकू येत राहतात. स, श, त, थ, फ ही नुसत्या हवेवर उमटणारी व्यंजने वरच्या पट्टीतली, म्हणून ती पुसली जातात. साठ, आठ, पाठ या शब्दांतला 'आ' अण्णांपर्यंत पोचतो आणि त्याचे काठ वाटेत विरून जातात. ते स्वतः हे फार नेमके सांगतात: "आवाज येतो, शब्द येत नाही." आम्ही ओरडत होतो तेव्हा फक्त स्वर मोठे होत होते, व्यंजने होती तिथेच राहत होती, आणि ओरडणाऱ्याचा चेहरा मात्र रागावलेला दिसत होता. अण्णांनी एकदा आईला विचारले होते, "हल्ली सगळे माझ्यावर चिडून का बोलतात?"

सर्वांत आधी त्यांचा फोन सुटला. टेलिफोनवरून परंपरेने साधारण 300 ते 3400 हर्ट्झ एवढ्याच पट्टीतला आवाज पुढे धाडला जातो आणि 'स'चा बराचसा जोर त्याच्याही वर असतो, हे मी पुढे वाचले; तेव्हा इंदूरला असलेल्या बहिणीचा फोन आला की अण्णा दोनच मिनिटांत तो आईच्या हातात का देत, याचे उत्तर मिळाले. तिला वाटे, अण्णांना आता आपल्याशी बोलावेसे वाटत नाही. अण्णांना वाटे, आपण भलतेच उत्तर देऊन तिला दुखवू.

मग कानाचे मशीन आले. तपकिरी पट्टीची 312 नंबरची इवलीशी बॅटरी असते. पट्टी सोलली की आत हवा शिरते आणि ती सुरू होते, मग पट्टी परत चिकटवून काही उपयोग नसतो, त्यामुळे आठवड्याला एक याप्रमाणे तिचा खर्च ठरलेला. शांत खोलीत, समोरासमोर, एका माणसाशी बोलताना त्या मशीनचा चांगला उपयोग झाला, आणि ज्यांच्या घरी असा माणूस आहे त्यांनी ते घेण्यात चालढकल करू नये असेच मी म्हणेन. पण घराबाहेर पडले की ते सगळेच मोठे करते. हॉटेलात ताटल्या, पंखा, शेजारच्या टेबलावरचे हसणे आणि नातीचा प्रश्न हे सारे एकाच जोराने कानात शिरते, आणि त्यातून नातीचा प्रश्न निवडून घेण्याचे काम ज्या पेशींचे, त्याच तर गेलेल्या.

त्यामुळे खरा फटका बसला तो आमच्या रविवारच्या फिरण्याला. पूर्वी महिन्यातून एखाद्या रविवारी आम्ही कुठेतरी जात असू. पर्वती, सारसबाग, कधी सिंहगडावर पिठले-भाकरी, कधी कार्ल्याची एकवीरा. फार लांबचे किंवा खर्चाचे काही नसे. अशा वेळी अण्णा वाटभर बोलत. कोणत्या वाड्यात कोणता छापखाना होता इथपासून कोणत्या लेखकाच्या अक्षराला सगळे जुळारी घाबरत इथपर्यंत. नंतर नंतर ते पुढे चालू लागले. मग "मी इथे बाकावर बसतो, तुम्ही जाऊन या" म्हणू लागले. या चार वर्षांतल्या आमच्या फिरण्याचे फोटो एका रात्री फोनवर पाहत बसले होते, तेव्हा एक गोष्ट लक्षात आली आणि मला पुढे बघवेना. जवळजवळ एकाही फोटोत अण्णा कॅमेऱ्याकडे पाहत नाहीत. "इकडे बघा" हे त्यांना ऐकूच आलेले नव्हते, आणि त्यांच्या खांद्याला हात लावून सांगावे हे आमच्यापैकी कोणाला सुचलेले नव्हते.

बोललेले शब्द तिथल्या तिथे अक्षरांत उमटवणारे अ‍ॅप माझ्या अकरा वर्षांच्या लेकीने घरात आणले. तिच्या एका मैत्रिणीच्या आजी ते वापरत होत्या. अण्णांनी आधी हात झटकला: "आता मला टेलिफोन नको." लेकीने काही समजूत घातली नाही. फोन त्यांच्या चहाच्या कपाशेजारी ठेवला आणि ती आपली बोलू लागली, की आज डब्याच्या सुट्टीत तिच्या पोळीच्या गुंडाळीतून एक डोंगळा निघाला आणि शेजारची मुलगी बाकावर चढून उभी राहिली. अक्षरे एकामागून एक पडद्यावर येत गेली. पूर्णविराम नव्हते, 'डोंगळा'चे 'डोंगर' झाले होते. अण्णांनी चष्मा वर केला, परत खाली केला, ओळ बोटाने धरून वाचली आणि मान वर करून विचारले, "मग?"

हा शब्द आमच्या घरात किती दिवसांनी उच्चारला गेला होता हे मला नेमके सांगता येणार नाही. गरजेच्या बोलण्यात 'मग?' नसते. "गोळी घेतली का" याच्यापुढे कोणी 'मग?' म्हणत नाही. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. तिने गॅस बारीक केला आणि बाहेर येऊन बसली.

त्या दिवसापासून या यंत्रांविषयी मी जे मिळेल ते वाचू लागले, आणि त्या वाचनात एक गोष्ट वारंवार पुढे आली. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांना टेलिफोनचे पेटंट 1876 साली मिळाले, हे शाळेत सगळेच शिकतात. पण त्यांच्या आईला फार कमी ऐकू येत असे आणि मुलगा तिच्या कपाळाशी तोंड नेऊन, आवाज न चढवता, स्पष्ट शब्दांत तिच्याशी बोलत असे, हे शाळेत कोणी सांगितले नव्हते. त्यांची पत्नी मेबल पाच वर्षांची असताना तापात तिची ऐकण्याची शक्ती गेली होती. ज्या माणसाची आई आणि पत्नी दोघींना ऐकू येत नव्हते, त्याने जगाला दिलेले यंत्र त्या दोघींच्या मात्र उपयोगाचे नव्हते, याचा मी पुष्कळ दिवस विचार करत होते. ती उणीव भरून काढायला 1964 साल उजाडावे लागले. रॉबर्ट वाइटब्रेख्ट या जन्मापासून बधिर असलेल्या पदार्थवैज्ञानिकाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेखित मजकूर पाठवण्याची सोय केली, आणि ज्यांना ऐकू येत नाही त्यांनाही दूरच्या माणसाशी फोनवरून बोलता येऊ लागले. इंटरनेटचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेले विंट सर्फ स्वतः तरुणपणापासून श्रवणयंत्र लावतात, त्यांच्या पत्नीची ऐकण्याची शक्ती लहानपणीच गेली होती, आणि ईमेलचे मोल त्यांना इतरांच्या आधी का कळले असेल हे वेगळे सांगायला नको. 2019 साली आलेल्या गूगलच्या 'लाइव्ह ट्रान्सक्राइब'मागे दिमित्री कानेव्स्की हे संशोधक होते, आणि त्यांनाही लहानपणापासून ऐकू येत नाही. आमच्या फोनवरचे अ‍ॅप याच जातीचे. यंत्राने माणसे दुरावतात असे लोक सहज म्हणतात, मीही म्हणत आले. ही सगळी यंत्रे कोणाच्या तरी स्वयंपाकघरातल्या, जेवणाच्या टेबलावरच्या न झालेल्या बोलण्यातून निघाली आहेत हे वाचल्यापासून मी ते म्हणणे सोडले आहे.

घरात पंधरा दिवस सराव झाल्यावर, मार्गशीर्षातल्या एका रविवारी, आम्ही भाजे लेण्यांना जायचे ठरवले. अण्णांनीच ठिकाण सुचवले. लग्नानंतर ते आईला घेऊन तिथे गेले होते, लोकलनेच. आम्हीही गाडी न काढता शिवाजीनगरहून लोणावळा लोकल धरली.

आधी चूक आमची झाली. फोन अण्णांच्याच हातात दिला, त्यामुळे ते मान खाली घालून पडद्यात पाहत बसले आणि बोलणाऱ्याचा चेहरा त्यांना दिसेना. शिवाय गाडीच्या खडखडाटात इतक्या अंतरावरून अ‍ॅपलाही शब्द पकडता येईनात. लेकीने तो उचलून घेतला आणि स्वतःच्या हनुवटीखाली धरला, माइक तोंडाशी आणि पडदा आजोबांकडे. आता चेहरा आणि त्याच्याखाली अक्षरे, दोन्ही एका नजरेत मावत होते. ओठांवरून अर्धे कळायचे, अक्षरांवरून उरलेले, आणि अ‍ॅपने काही भलतेच लिहिले तर तिचे डोळे सांगत की हे असे नाही. हे इतके साधे होते, पण कोणत्याही माहितीपत्रकात लिहिलेले मी पाहिले नाही. कमी ऐकू येणारे कोणी ज्यांच्या घरी असेल त्यांनी हे एकदा करून पाहावे, म्हणून इथे मुद्दाम लिहिते.

आकुर्डी गेल्यावर डबा जरा भरला. आमच्या समोर एक बाई येऊन बसल्या, साधारण आईच्या वयाच्या, मांडीवर मेथीच्या जुड्यांची पिशवी. त्या शेजारणीशी बोलत होत्या आणि त्यांचे शब्दही पडद्यावर येऊ लागले. अण्णांनी वाचले: "कामशेतला आता मेथी स्वस्त झाली". ते एकदम म्हणाले, "पण पानं लहान आहेत. पावसाळ्यानंतरची पहिली दिसतेय." बाई चमकल्या. मला अवघडल्यासारखे झाले, कारण परक्या माणसाचे बोलणे त्याला न सांगता असे अक्षरांत उतरवणे बरोबर नाही, आणि ते शब्द फोनमधून दूरच्या कुठल्या संगणकाकडे जाऊन परत येतात हेही मला ठाऊक होते. मी त्यांना सगळे सांगितले, फोन बंद करते म्हणाले. त्यांनी थोडा वेळ पडद्याकडे पाहिले, मग पुढे सरकून फोनपाशी तोंड आणले आणि सावकाश, एकेक शब्द सुटा करून विचारले, "दादा, तुम्ही शेतकरी का?" अण्णांनी वाचले. "नाही हो. छापखान्यातला. पण वडील शेती करायचे." तिथून वडगावपर्यंत मेथी, विहिरी, अण्णांचे गाव आणि बाईंच्या धाकट्या मुलाचे लांबलेले लग्न, असे बोलणे चालले होते. अण्णा अनोळखी माणसाशी बोलत होते. आई खिडकीतून बाहेर पाहत होती, पण मेथीचा भाव निघाला तेव्हा मध्येच दुरुस्ती करण्याइतके तिचे कान इकडे होते.

मळवली लोणावळ्याच्या अलीकडचे स्टेशन. तिथून द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून भाजे गावाकडे जावे लागते. आईच्या गुडघ्यांमुळे आम्ही रिक्षा केली. वर विसापूर, पलीकडे लोहगड. लोहगड 2025 साली जागतिक वारसा यादीत गेला, मराठा लष्करी भूरचनेच्या 12 किल्ल्यांपैकी तो एक आणि त्यांतला फक्त जिंजी तेवढा तामिळनाडूत, ही सगळी माहिती लेकीने रिक्षातच हनुवटीखालच्या फोनमधून आजोबांना पुरवली. लेण्यांच्या पायऱ्या चढताना मात्र बोलणे बंद ठेवावे लागले. पायांकडे आणि पडद्याकडे एकाच वेळी पाहता येत नाही. दर पंधरा-वीस पायऱ्यांवर अण्णा दम खायला थांबत, आणि तेवढ्या वेळापुरते साठवून ठेवलेले सगळे लेक एका दमात सांगून टाकी.

भाज्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातले. पुढची लाकडी बाजू केव्हाच गेलेली असल्याने नालेच्या आकाराची ती प्रचंड कमान पूर्ण उघडी आहे आणि बाहेरूनच आतला स्तूप दिसतो. दोन्ही बाजूंचे अष्टकोनी खांब किंचित आत झुकलेले आहेत, कारण लाकडी बांधकामात भार पेलण्यासाठी खांब तसे कलते ठेवत असत, आणि दगडात कोरताना कारागिरांनी तो कलही सोडला नाही. वर पाहिले की छताच्या दगडाला आतून लाकडी फासळ्या बसवलेल्या दिसतात. दोन हजार वर्षांपूर्वीच्या. नेमके इथेच फोनचे नेटवर्क गेले. पडद्यावर अक्षरे येईनात, आणि कानाचे मशीन तर आत शिरल्याबरोबर अण्णांनी स्वतःच बंद केले होते, कारण त्या पोकळीत प्रत्येक आवाज घुमून त्यांना त्रास होत होता.

लेक क्षणभर फोन वर-खाली करत राहिली. मग तिने आजोबांचा हात धरला, तळवा उघडला आणि त्यावर बोटाने लिहू लागली. पाठीवर अक्षर काढून ओळखायचा खेळ ती दोघे ती लहान असताना खेळत, तो तिला आठवला असावा. अण्णांनी डोळे मिटले. ला. कु. ड. मग तिने त्यांची हनुवटी हलकेच वर उचलून छत दाखवले. अण्णांनी वर पाहिले, बराच वेळ पाहिले, आणि मग स्वतःचा तळवा तिच्यापुढे धरून म्हणाले, "कू दीर्घ. उपान्त्य आहे. परत लिही." तिने परत लिहिले. "हं. लाकूड. सागाचं असणार." त्यांचा आवाज त्या कमानीत घुमला, तो त्यांना कितपत ऐकू आला असेल कोण जाणे. एक कुटुंब फोटो काढत होते, ते थांबून आमच्याकडे पाहू लागले.

यावरून 'पाहा, शेवटी यंत्राची गरज नव्हतीच' असा अर्थ कोणी काढू नये. गेल्या चार वर्षांत अण्णांचा तळवा तोच होता आणि आमची बोटेही तीच होती. आम्ही लिहिले नव्हते. सांगण्याची सवयच मोडली होती. पंधरा दिवस फोनवरून नातीने आजोबांना बिनकामाच्या शंभर गोष्टी सांगितल्या, म्हणून नेटवर्क गेल्यावरही तिला गप्प राहवले नाही. आणि बाहेर उन्हात आल्यावर पडद्यावर पुन्हा अक्षरे उमटली, तेव्हा आम्हा सगळ्यांनाच हायसे वाटले, हेही खरे आहे. तळव्यावर एक शब्द मावतो. फोनवर अख्खा दिवस.

पुढे दक्षिणेला स्तूपांचा समूह आहे, पाच आत आणि नऊ बाहेर. लेकीने ते मोजले आणि फोनमध्ये सांगितले, "आजोबा, इथे चौदा स्तूप आहेत." पडद्यावर आले: "आजोबा इथे चौदा तूप आहेत".

अण्णांनी वाचले. समोरच्या स्तूपांकडे पाहिले. परत वाचले. आणि मग त्यांना हसू आवरेना, इतके की कठड्याला टेकून बसावे लागले. "अगं, यालाही स ऐकू येत नाही!" ते म्हणाले. "याचंही माझ्यासारखंच झालंय. स गेला, तूप राहिलं." आई त्यांच्या शेजारी बसली आणि विचारू लागली, "अहो, काय झालं? मला पण सांगा की." आजवर हा प्रश्न अण्णांचा असे. सगळे हसत आणि ते विचारत, "काय झालं?" आणि आम्ही हात हलवून म्हणत असू, "काही नाही, नंतर सांगते." त्या 'नंतर सांगते'ची आठवण होऊन मला कठड्यापाशी उभे राहवेना. अण्णांनी आईला ओळ दाखवली, स कुठे गळला ते सांगितले, आणि तिला कळले की नाही याची खात्री होईपर्यंत दोनदा सांगितले.

शेवटच्या विहारात ते प्रसिद्ध कोरीव काम आहे: एक स्त्री तबल्यासारखे वाद्य वाजवते आहे आणि दुसरी नाचते आहे. तिथे कोणी काही बोलले नाही. दगडातले ते वाद्य आम्हा पाचांना सारखेच ऐकू येत होते.

ऐकू येणे कमी झालेली माणसे एकटी नाहीत, हे आकड्यांवरूनही दिसते. 2050 पर्यंत जगात सुमारे 250 कोटी लोकांना कमी-अधिक प्रमाणात कमी ऐकू येत असेल, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यातले किती जण आपापल्या घरात बाकावर बसून "तुम्ही जाऊन या" म्हणत असतील, हे मात्र असल्या अंदाजात येत नाही.

परतीच्या लोकलमध्ये अण्णा खिडकीला डोके टेकून झोपले. रात्री जेवताना त्यांनी विचारले की दिवसभर जे लिहून येत होते ते फोनमध्ये राहते का. अ‍ॅपमध्ये मजकूर काही दिवस ठेवण्याची सोय होती. लोकलमधल्या बाईंचे बोलणे त्यातून काढून टाकून, उरलेला मजकूर नवऱ्याने दुसऱ्या दिवशी चौकातल्या दुकानातून छापून आणला. अकरा पाने झाली. ना पूर्णविराम, ना परिच्छेद. नातीचे, माझे, आईचे बोलणे एकात एक मिसळलेले, मध्येच "सावकाश उतरा", मध्येच "आजोबांचा मफलर कुठे आहे". अण्णांनी ती पाने हातात घेतली, टेबलावर ठोकून कडा एक केल्या, ड्रॉवरमधून लाल पेन काढले आणि दिव्याखाली बसले.

दोन संध्याकाळी त्यांचे ते काम चालले होते. जिथे कोण बोलत आहे ते कळत नव्हते तिथे त्यांनी आम्हाला बोलावून विचारले आणि समासात नाव घातले. 'मळलेली स्टेशन'चे मळवली केले. 'भाजी लोणी'चे भाजे लेणी केले. पूर्णविराम दिले, ऱ्हस्व-दीर्घ नीट केले, आईच्या एका वाक्यापुढे प्रश्नचिन्ह होते ते खोडून उद्गारचिन्ह घातले. सातव्या पानावर चौदा तुपांची ओळ होती. तिथे त्यांनी 'तूप'वर आधी काट मारलेली दिसते, शेजारी समासात 'स्तूप' लिहिलेले दिसते. मग समासातला 'स्तूप' खोडला आहे, आणि काट मारलेल्या 'तूप'खाली, एका ओळीत, अगदी सारख्या अंतरावर, बारीक लाल टिंबे दिली आहेत.